अंगणात येणाऱ्या रकूनला खाऊ घालावे की घालू नये?

देवचाफा (स्कारबरो, टोरांटो)

नमस्कार. आमच्या घरामागे हायलंड क्रीकची घळ आहे आणि तिथली झाडी थेट आमच्या कुंपणापर्यंत येते. गेल्या उन्हाळ्यापासून रकूनची (डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि झुबकेदार पट्टेरी शेपटी असलेला इथला रानटी प्राणी) एक मादी दिवेलागणीला आमच्या डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, येऊ लागली. तिच्या उजव्या कानाला चीर पडलेली आहे, त्यामुळे ती लगेच ओळखू येते. मी तिच्यासाठी उकडलेले अंडे, शेंगदाणे आणि कधी पोळीचा तुकडा ठेवते. यंदा जूनच्या अखेरीस ती चार पिल्ले घेऊन आली. तिचे अंडे खाणे पाहत राहावे असे असते. ती अंड्याकडे पाहतच नाही. दोन्ही पंजांत धरून ते सावकाश फिरवत राहते, नजर माझ्यावर असते, आणि बोटांना टरफलावरचा तडा जाणवला की तिथूनच ते उचलते. मग एक तुकडा बाजूला ठेवून घशातल्या घशात गुरगुरत पिल्लांना बोलावते.

शेजारच्या कुटुंबात दोन वर्षांचा मुलगा आहे. त्यांनी परवा अतिशय सौजन्याने, पण स्पष्ट शब्दांत हे खाऊ घालणे बंद करण्याची विनंती केली. माझे मत मी आधीच मांडते. ही घळ या प्राण्यांची होती आणि तिच्या काठापर्यंत घरे आपण बांधली. माझ्या आजीच्या घरी गाईचा आणि कावळ्याचा घास बाजूला काढल्याशिवाय कोणी जेवायला बसत नसे, आणि दाराशी आलेला जीव विन्मुख जाऊ नये ही शिकवण मी तिथूनच घेतली आहे. एका अंड्याने आणि मूठभर शेंगदाण्यांनी निसर्गाचे काही बिघडते असे मला वाटत नाही. तरीही शेजारधर्म आहेच. जाणकारांनी आणि अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तररंग (टोरांटो)

देवचाफा, सर्वप्रथम कायद्याची बाजू सांगतो. टोरांटो महानगरपालिकेने १ एप्रिल २०२३ पासून वन्यप्राण्यांना खाऊ घालण्यास बंदी केली आहे आणि ती सार्वजनिक जागांप्रमाणेच स्वतःच्या अंगणालाही लागू आहे. गाणाऱ्या पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाणापात्राला सवलत आहे, पण दाणे खाली सांडून त्यावर इतर प्राणी जमू लागले तर त्याचीही जबाबदारी घरमालकाकडे येते. आपल्या शेजाऱ्यांनी महापालिकेच्या ३११ या क्रमांकावर तक्रार करण्याऐवजी आपल्याशी बोलणे पसंत केले, हा त्यांचा चांगुलपणा आहे असे मी म्हणेन.

या शहराचे आणि रकूनचे नाते गुंतागुंतीचे आहे. २०१६ साली महापालिकेने रकूनला उघडता येऊ नयेत असे कुलूपवाले हिरवे कचराडबे घरोघर दिले आणि त्या योजनेवर सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, यंग स्ट्रीटवर एक रकून मरून पडला होता. महापालिकेची गाडी येईपर्यंत दिवस उलटून गेला, आणि तोवर लोकांनी त्याच्याभोवती फुले, मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या ठेवल्या. कोणीतरी त्याचे ‘कॉनराड’ असे नावही ठेवले. त्याच्यासाठी डबे बंद करणारे आणि त्याच्यासाठी मेणबत्ती लावणारे लोक एकाच शहरातले आहेत, त्यामुळे आपल्या मनातली ओढाताण मी समजू शकतो.

सागरगोटा (हॅलिफॅक्स)

मी देवचाफा यांच्या बाजूने आहे. आमच्या नोव्हा स्कोशियात एक निवृत्त पोलीस अधिकारी वर्षानुवर्षे आपल्या घराच्या डेकवर रकूनना खाऊ घालत आले आहेत, आणि २०२० मध्ये त्यांची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. मांडीवर, पायाशी, खांद्यापाशी रकूनच रकून, आणि मधोमध हे गृहस्थ शांतपणे हॉट डॉग वाटत बसलेले. दिवंगत पत्नीने या प्राण्यांची काळजी घ्यायला सांगितले होते म्हणून आपण हे करतो, असे ते सांगतात. ती चित्रफीत पाहून मला भरून आले होते. एकटेपणात एखाद्या मुक्या जिवाचा आधार वाटला तर त्यात चूक काय, याचे उत्तर विरोध करणाऱ्यांनी द्यावे.

रानवैद्य (ओहायो)

मी पशुवैद्य आहे आणि आमच्या भागातील वन्यजीव पुनर्वसन केंद्रात अनेक वर्षे काम करतो. सागरगोटा यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. ते थोडे लांबेल.

रकूनच्या आतड्यात बेलिसॅस्करिस नावाचा गोलकृमी राहतो. रकूनला त्याचा फारसा त्रास होत नाही. मात्र बाधित प्राण्याच्या विष्ठेतून दररोज लाखो अंडी बाहेर पडतात. ताजी अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. त्यांना त्यासाठी साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. पण एकदा ती पक्व झाली की ऊन, पाऊस, बर्फ सोसून मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि ब्लीचनेही मरत नाहीत. ही अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या आतड्यात थांबत नाहीत. त्या शरीरभर फिरतात आणि डोळ्यांत किंवा मेंदूत पोहोचू शकतात. माणसांमध्ये असे रुग्ण फार थोडे आढळले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु गंभीर रुग्णांमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे, कारण माती तोंडात घालण्याचे ते वय असते, आणि मेंदूला झालेली इजा बहुधा भरून येत नाही. शेजारचे मूल दोन वर्षांचे आहे, हे वाक्य वाचूनच मी हा प्रतिसाद लिहायला बसलो.

रकून विष्ठेसाठी ठरावीक जागा वापरतात. झाडाचा बुंधा, लाकडांचा ढीग, आडवे पडलेले खोड, छताचा सपाट भाग किंवा डेकचा कोपरा अशा ठिकाणी अनेक प्राणी पुन्हा पुन्हा येतात. जिथे रोज खाणे मिळते तिथून जवळच अशी जागा तयार होणे अगदी स्वाभाविक आहे. देवचाफा, आपण दिवसाउजेडी आपल्या आवाराची पाहणी करावी.

दुसरा मुद्दा डिस्टेंपरचा. हा विषाणू रकूनमध्ये एकमेकांच्या संपर्कातून पसरतो. एका ताटाभोवती सहा-आठ प्राणी जमले की आपण आपल्या प्रेमानेच त्यांना रोगाच्या तोंडी देतो. या आजारात प्राणी माणसाला घाबरेनासा होतो, भर दिवसा झिंगल्यासारखा चालतो, डोळ्यांना चिपडे येतात आणि पुढे झटके येतात. माणसाला हा आजार होत नाही, पण लस न दिलेल्या कुत्र्याला होतो. आमच्या केंद्रात असे प्राणी आणले जातात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना वेदनामुक्त मरण देण्यापलीकडे आमच्या हातात काही उरत नाही. त्यातल्या काहींना कोणीतरी रोज खाऊ घालत असते, आणि प्राणी घेऊन येणारी तीच व्यक्ती रडत असते.

त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ती चित्रफीत पाहताना माझे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे जात नाही. किती तोंडे एकमेकांना घासत आहेत तिकडे जाते.

इंद्रायणीकाठ (पुणे)

मी रकून कधी पाहिलेला नाही, त्यामुळे हा धागा अतिशय कुतूहलाने वाचत आहे. एक शंका आहे. आपल्याकडे पक्षी-मांजरांना, मुंग्यांनाही खाऊ घालण्याची परंपरा आहे आणि शास्त्रात भूतयज्ञ, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा काढणे, सांगितला आहे. मग तोच भाव परदेशात एकदम अपराध कसा ठरतो? शिवाय रेबीजचा उल्लेख कोणी केला नाही. रकूनपासून रेबीज होतो का?

हिवाळीपहाट (न्यू जर्सी)

इंद्रायणीकाठ, होतो. भारतात रेबीज म्हटले की भटका कुत्रा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणामुळे चित्र वेगळे आहे. येथे रेबीज आढळणाऱ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वन्यप्राणी असतात, त्यांत वटवाघळे, रकून, स्कंक (दुर्गंधीचा फवारा सोडणारा लहान प्राणी) आणि कोल्हे प्रमुख आहेत. पूर्व किनाऱ्यावर तर रकूनचा स्वतंत्र प्रकारचा रेबीज विषाणू आहे.

तो येथवर कसा आला हे या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पूर्वी तो फ्लोरिडा आणि आसपासच्या आग्नेय भागापुरता होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी रकूनची संख्या वाढवावी म्हणून तिकडचे प्राणी गाड्यांत घालून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमाभागात आणून सोडले गेले. त्यांच्यासोबत विषाणू आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो पूर्ण ईशान्येत पसरून १९९९ मध्ये कॅनडात, टोरांटो ज्यात आहे त्या ऑन्टारिओ प्रांतात पोहोचला. ऑन्टारिओने तो मोठ्या कष्टाने हटवला, आणि २००५ नंतर दहा वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, त्याच प्रांतातल्या हॅमिल्टन शहरात पुन्हा बाधित रकून सापडला. आजही दोन्ही देशांत लस भरलेली आमिषे विमानातून आणि हाताने जंगलात टाकली जातात.

रकूनने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हाताने भरवताना प्राण्याने मुद्दाम हल्ला करायची गरज नसते. शेंगदाणा समजून बोट धरले तरी दात लागतो, आणि मग त्या प्राण्याची तपासणी करायची म्हणजे त्याला मारून त्याचा मेंदू तपासणे एवढाच मार्ग असतो. आपल्याला लागलेल्या एका ओरखड्याची किंमत त्याला जिवाने द्यावी लागते.

सह्यकडा (रत्नागिरी)

इंद्रायणीकाठ यांच्या भूतयज्ञाबद्दल नम्रपणे मतभेद नोंदवतो. ज्या काळात ती प्रथा पडली त्या काळात दाराबाहेर ठेवलेला घास हा जंगलाच्या मानाने नगण्य होता. आता जंगल नगण्य झाले आहे आणि घास डोंगराएवढा. घाटात गाडी थांबवून माकडांना केळी आणि वेफर देणारे प्रवासी पुण्य घेऊन निघून जातात. इकडे आमच्या बागेत वानर आणि माकडांचे कळप आंबा, काजू, नारळ काही ठेवत नाहीत. कोकणातल्या कित्येक शेतकऱ्यांनी भाजीपाला लावणेच सोडून दिले आहे. वानराने माणसाचे भय सोडले की त्याला परत जंगलात पाठवता येत नाही. मी रकून पाहिलेला नाही, पण वर जे वाचले ते मला फार ओळखीचे वाटले.

निळासावळा (सिएटल)

सह्यकडा यांचे म्हणणे आमच्याकडे शब्दशः खरे ठरले. वॉशिंग्टन राज्यात पोल्सबो या गावाजवळ एक महिला अडतीस वर्षे रकूनना खाऊ घालत होत्या. इतकी वर्षे येणारे प्राणी मोजकेच होते. २०२४ साली मात्र काही आठवड्यांत त्यांची संख्या वाढत शंभराच्या आसपास गेली. रकून दिवसरात्र घराला वेढा घालू लागले, भिंती आणि दारे खरवडू लागले, गाडी थांबली की तिच्याभोवती जमू लागले. ऑक्टोबरमध्ये त्या महिलेला पोलिसांना फोन करून स्वतःच्या घरातून बाहेर पडावे लागले. पोलिसांनाही करण्यासारखे फार काही नव्हते. त्या वेळी राज्यात अस्वल, प्यूमा, लांडगे अशा प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई होती, रकूनला नव्हती. शेवटी त्यांनी खाणे ठेवणे बंद केल्यावर प्राणी पांगू लागले.

त्या बाईंबद्दल लोकांनी इंटरनेटवर पुष्कळ वाईट लिहिले. मला त्यांची कणव येते. अडतीस वर्षे एखादी गोष्ट सुरळीत चालली की तिच्यात धोका आहे असे कोणाला वाटेल?

देवचाफा

सर्वांचे मनापासून आभार. माझी एक शंका मात्र कायम आहे. माझ्याकडे शंभर नव्हे, एक आई आणि चार पिल्ले येतात. मी हाताने भरवत नाही. मोजून ठेवते. आता पिल्ले लहान असताना अचानक खाणे बंद केले तर त्यांची उपासमार होणार नाही का? ज्या जिवाला मी सवय लावली त्याला ऐन गरजेच्या वेळी सोडणे मला क्रूरपणाचे वाटते. हळूहळू कमी केले तर चालेल का?

रानवैद्य

आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ऋतूत आहे. जुलै-ऑगस्ट हे रकूनसाठी वर्षातले सर्वांत भरभराटीचे दिवस असतात. आपल्या घळीत या वेळी रानबेऱ्या, किडे, अळ्या, बेडूक आणि ओढ्यातले क्रेफिश (झिंग्यासारखे प्राणी) मुबलक असतात. रकून सर्वभक्षी आहे. आपण ठेवलेले अंडे त्याच्या रात्रीच्या फेरीतला केवळ एक थांबा असतो. म्हणून बंद करायचे तर आताच करावे. नोव्हेंबरपर्यंत चालू ठेवून थंडीच्या तोंडावर बंद करणे हे खरे कठीण जाईल, कारण तेव्हा त्यांना हिवाळ्यासाठी चरबी साठवायची असते.

हळूहळू कमी करण्याचा सल्ला मी देणार नाही. एखाद्या दिवशी मिळते आणि एखाद्या दिवशी मिळत नाही, असे झाले की प्राणी अधिकच चिकाटीने येत राहतो. ज्यांनी जनावरांना शिकवण्याचे काम केले आहे त्यांना हे ठाऊक असते. एकदम आणि पूर्ण बंद करावे. पहिला आठवडा ती येईल, दार खरवडेल, कुंड्या उलथवेल. तेवढे दिवस मन घट्ट ठेवावे लागेल.

पिल्लांबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पिल्ले पहिला हिवाळा आईसोबतच काढतात आणि या काळात ती तिच्या मागे फिरून वाटा शिकतात. कुठल्या ओंडक्याखाली अळ्या असतात, ओढ्याच्या कुठल्या वळणावर पाणी उथळ असते, कुठल्या झाडाच्या ढोलीत निवारा मिळतो, हे त्यांना आई दाखवते. आत्ता त्या वाटेवरचा पहिला मुक्काम आपला डेक आहे. ती चारही पिल्ले पुढच्या वर्षी स्वतंत्र होऊन वेगवेगळ्या दिशांना जातील आणि ‘डेक म्हणजे अन्न’ हेच ज्ञान घेऊन दुसऱ्यांच्या डेकवर चढतील. तिथले घरमालक आपल्यासारखे असतीलच असे नाही. काही जण सापळे लावतात, काही त्याहून वाईट करतात.

मोगरावेल (कासेल, जर्मनी)

थोडे विषयाच्या कडेने लिहिते. आमच्या कासेलमध्ये रकून इतके आहेत की युरोपात अन्यत्र कुठल्याही शहरात क्वचितच असतील, आणि हा प्राणी मुळात इथला नाही. १९३४ मध्ये एडरझे जलाशयाजवळ रकूनच्या दोन जोड्या जंगलात सोडल्या गेल्या, इथली प्राणिसंपदा समृद्ध व्हावी असा हेतू होता. आज घरांच्या माळ्यांवर, पावसाच्या नळांवर, द्राक्षवेलींवर सगळीकडे त्यांचा वावर आहे. पक्ष्यांची घरटी आणि उभयचर प्राणी यांना त्यांचा त्रास होतो, अशी पक्षीमित्रांची तक्रार असते. जपानमध्ये तर १९७७ साली दूरचित्रवाणीवर रकूनची एक व्यंगचित्रमालिका गाजली आणि लोकांनी पिल्ले पाळण्यासाठी आयात केली. ती मोठी होऊन सांभाळेनाशी झाल्यावर लोकांनी त्यांना जंगलात सोडले आणि तिथेही हा उपद्रव कायमचा झाला. पुढे आयातीवर बंदी आली. टोरांटोत निदान हा प्राणी आपल्या मूळ घरी आहे, त्यामुळे देवचाफा यांना त्याच्याबद्दल जी आपुलकी वाटते ती इथल्यापेक्षा तिथे अधिक शोभते.

सागरगोटा

मोगरावेल यांच्या मुद्द्यात भर घालतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना १९२६ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीसाठी मिसिसिपीहून एक जिवंत रकून भेट आला होता. कूलिज दांपत्याने तो ताटात न वाढता पाळला, त्याचे नाव रेबेका ठेवले, आणि व्हाइट हाउसमध्ये त्याला पट्टा बांधून फिरवले जाई. म्हणजे माया लागणे हे आजचे नाही. रानवैद्य यांचे लिखाण मी दोनदा वाचले. रोगांबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पटले. पण मैत्रीचा भाग त्यांनी बाजूलाच ठेवला आहे. अन्न न देता या प्राण्याशी काही नाते ठेवता येते का?

कस्तुरीगंध (व्हँकूवर)

सागरगोटा, येते, आणि ते अधिक काळ टिकते असा माझा अनुभव आहे. आमच्या काचेच्या सरकत्या दारामागे मी दिवा मालवून बसते. बाहेर कमी उजेडाचा एक पिवळा दिवा असतो. रकून आपल्या रस्त्याने जातात, मधूनच थांबतात, पावसाचे पाणी साठलेल्या बादलीत पंजे घालून चाचपत राहतात. देवचाफा यांनी अंड्याचे जे वर्णन केले आहे त्याचे कारण इथे दिसते. रकूनच्या पुढच्या पंजांत स्पर्शज्ञान विलक्षण तीव्र असते आणि मेंदूचा फार मोठा भाग केवळ त्या पंजांकडून येणाऱ्या संवेदनांसाठी असतो. पंजा ओला झाला की ही संवेदना वाढते. रकून अन्न धुऊन खातो असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो पाण्यात हातांनी ‘पाहत’ असतो. म्हणूनच नजर दुसरीकडे ठेवून त्याला काम करता येते.

खाणे ठेवले की प्राणी खाण्याकडे पाहतो आणि आपल्याकडे लाचारीने पाहतो. खाणे नसले की तो आपले आयुष्य जगताना दिसतो. आई पिल्लाला मानेला धरून कुंपणावरून कशी उतरवते, उतरताना मागचे पंजे उलटे वळवून डोके खाली करून झाडावरून कशी येते, दोन भावंडे एका ओल्या पानावरून कशी भांडतात, हे सगळे मी खाणे न ठेवता पाहिले आहे. हालचाल टिपणारा कॅमेरा लावल्यापासून तर पहाटेचेही दिसू लागले.

उत्तररंग

कस्तुरीगंध यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. यॉर्क विद्यापीठातील सुझान मॅकडोनाल्ड यांनी टोरांटोतल्या रकूनना जीपीएसचे पट्टे बांधून अभ्यास केला आहे. शहरी रकून मोठे रस्ते सहसा ओलांडत नाहीत आणि आपल्या काही गल्ल्यांच्या पट्ट्यातच राहतात, असे त्यांना आढळले. याचा अर्थ देवचाफा यांची ती मादी खाणे बंद झाले तरी कुठे लांब जाणार नाही. ती त्याच घळीत आणि त्याच गल्लीत राहील.

याच कारणासाठी ‘पकडून दूर सोडून यावे’ हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ऑन्टारिओच्या कायद्यानुसार पकडलेला प्राणी चोवीस तासांत आणि एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बहुधा जगत नाही, आणि हिवाळीपहाट यांनी लिहिल्याप्रमाणे रोगही असेच पसरतात.

इंद्रायणीकाठ

सह्यकडा आणि रानवैद्य यांच्या प्रतिसादांनंतर माझी शंका फिटली. भूतयज्ञाचा हेतू दुसऱ्या जिवाचे भले व्हावे हा आहे, आणि इथे भले कशात आहे हे पशुवैद्यांनी सांगितले आहे. आणखी विचारावेसे वाटते की दिवसा रकून दिसला तर तो आजारीच समजायचा का?

रानवैद्य

तसे नाही. दूध पाजणारी मादी भुकेमुळे दिवसाही बाहेर पडते आणि ती पूर्णपणे निरोगी असते. वेळेपेक्षा वागणूक पाहावी. चाल डगमगती असेल, प्राणी गोल गोल फिरत असेल, आवाज केला तरी हलत नसेल, किंवा कारण नसताना अंगावर येत असेल, तर जवळ जाऊ नये, मुले आणि कुत्री घरात घ्यावीत आणि स्थानिक प्राणिसेवेला कळवावे. टोरांटोत त्यासाठी ३११ हाच क्रमांक आहे.

देवचाफा

रानवैद्य यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी पूर्ण आवार पाहिले. शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकून आमचा जळाऊ लाकडांचा ढीग आहे. त्याच्या वरच्या ओंडक्यांवर विष्ठेचे जुने आणि नवे थर आहेत. कुंपणाच्या पलीकडे त्या मुलाचा वाळूचा हौद आहे. त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरले नाही. आजपासून डेकवर काहीही ठेवणार नाही, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन वाळूच्या हौदावर झाकण घालण्याबद्दल आणि ढिगाबद्दल सांगून येणार आहे.

आता दोन गोष्टींचे मार्गदर्शन हवे आहे. ती जागा सुरक्षितपणे स्वच्छ कशी करावी? आणि आमच्या गॅरेजच्या छताला कडेला एक भगदाड आहे. ती पिल्ले तिथेच वाढली असावीत असा मला संशय आहे. ते कधी बुजवावे?

रानवैद्य

स्वच्छतेसाठी रबरी बूट, एकदाच वापरून टाकायचे हातमोजे आणि एन-९५ मुखपट्टी वापरावी. आधी त्या जागेवर पाणी शिंपडून ती ओली करावी, म्हणजे धूळ उडत नाही. विष्ठा आणि वरची थोडी माती फावड्याने उचलून दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. कंपोस्टमध्ये टाकू नये. मग त्या जागेवर आणि फावड्यावर खळखळ उकळते पाणी ओतावे. या अंड्यांवर खात्रीने चालणारा घरगुती उपाय उष्णता हाच आहे. ज्या ओंडक्यांवर थर साचले आहेत ते घरात आणू नयेत. नंतर हात आणि नखे साबणाने नीट धुवावीत. ताजी विष्ठा दिसेल तेव्हा लगेच उचलली तर अंडी पक्व होण्यापूर्वीच निघून जातात. मुलाने त्या वाळूतले काही तोंडात घातल्याचे शेजाऱ्यांच्या पाहण्यात असेल तर त्यांनी वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. लवकर औषध सुरू केले तर त्याचा उपयोग होतो.

हिवाळीपहाट

भगदाडाबद्दल मी लिहिते, कारण आमच्या माळ्यावर हा प्रकार होऊन गेला आहे. पिल्ले आत असताना छिद्र बुजवले तर आई आत शिरण्यासाठी छप्पर फाडते, आणि तिला शिरता आले नाही तर पिल्ले आत मरतात. आमच्याकडे एका ठेकेदाराने मे महिन्यात असे करायचे ठरवले होते. सुदैवाने कामाच्या आधी आतून चिवचिवाट ऐकू आला आणि आम्ही त्याला थांबवले. आपल्याकडची पिल्ले आता आईच्या मागे चालत येतात, म्हणजे ती बाहेर पडण्याइतकी मोठी झाली आहेत. तरीही खात्री करून घ्यावी. भगदाडात वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद सैलसर भरून ठेवावेत. पाऊस नसलेल्या दोन-तीन रात्री कागद जसेच्या तसे राहिले तर आत कोणी नाही असे समजावे. त्यानंतर बारीक घरांची मजबूत गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने बसवावी आणि तिच्यावर पत्रा घालावा. नुसता फोम किंवा लाकडाची फळी ते एका रात्रीत काढतात. चिमणीवर टोपी नसेल तर तीही याच वेळी बसवून घ्यावी, कारण गॅरेज बंद झाल्यावर ती मादी पुढच्या वसंतात दुसरी जागा शोधेल, आणि उबदार चिमणी तिला सर्वांत आधी सापडेल.

कस्तुरीगंध

जाळी बसवताना तिची कडा भिंतीला आणि छताला सर्व बाजूंनी चार बोटे तरी जास्त घ्यावी. रकूनचा पंजा जिथे कडेखाली शिरतो तिथूनच तो जाळी उचकटतो. आणि देवचाफा, काम दुपारच्या आधी पूर्ण होईल असे पाहावे, म्हणजे चुकून कोणी आत राहिलेच असेल तर दिवसाउजेडी आवाज ऐकू येईल आणि जाळी पुन्हा काढता येईल.